नवी पिकअप, गोटा झालेले टायर आणि नामानिराळे सारे

वस्तू आणि सेवा कराच्या फेररचनेत मालवाहू वाहने आणि नवे टायर या दोहोंवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे दर अमलात आले आणि छोट्या मालवाहतूकदारांना मोठा दिलासा मिळाल्याचे ठिकठिकाणी सांगण्यात आले. दिलासा मिळाला हे खरेच. तथापि त्याचा हिशेब मांडून पाहिला, तर टायरच्या किमतीत या कपातीने पडणारा फरक पावणेआठ टक्क्यांच्या आसपास भरतो. ज्याच्या गाडीचे टायर निम्मे आयुष्यही न जगता एका कडेने झिजून जातात, त्याच्या खर्चात हा दिलासा कुठल्या कुठे विरघळतो.

एक उदाहरण घेऊ. आठ हजार रुपयांचा टायर पन्नास हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरमागे त्याचा खर्च सोळा पैसे येतो. करकपातीने या सोळा पैशांचे पावणेपंधरा होतात. तोच टायर वीस हजार किलोमीटरवर एका बाजूने गोटा झाला, तर खर्च चाळीस पैशांवर जातो. पुढचे दोन्ही टायर असे गेले आणि गाडी महिन्याला पाच हजार किलोमीटर धावत असेल, तर मालकाच्या खिशातून महिन्याकाठी चोवीसशे रुपये जास्तीचे जातात. बँकेचा हप्ता, डिझेल, टोल, विमा आणि चालकाचा पगार भागवून जे उरते, त्यातून हे चोवीसशे रुपये काढायचे असतात.

शहराच्या कडेला असलेल्या कोणत्याही व्हील अलाइनमेंटच्या दुकानात सकाळी तासभर उभे राहावे. वर्षही न झालेल्या पिकअप गाड्या तिथे येतात. नंबरप्लेट कोरी करकरीत, आरशाला बांधलेल्या लिंबू-मिरचीचा रंगही पुरता उडालेला नसतो आणि पुढच्या चाकाची आतली कड मात्र तारा दिसेपर्यंत घासलेली असते. बाहेरच्या कडेवर खाचा शाबूत असतात. उभ्याने पाहणाऱ्याला टायर नवाच वाटतो. खाली वाकून, चाक पुरते वळवून हात आत घातल्याशिवाय खरी अवस्था कळत नाही. महामार्गावर रात्री बॅटरीच्या उजेडात टायर पाहणाऱ्या पोलिसालाही ती कळण्याची शक्यता कमीच.

चालकांच्या बोलीत याला ‘गाडी टायर खाते’ असे म्हणतात. या तीन शब्दांत दोष गाडीकडे जातो. गाडी विकणाऱ्याकडे जावे, तर तो टायरकडे बोट दाखवतो. टायर विकणाऱ्याकडे जावे, तर तो भार आणि हवा यांच्याकडे बोट दाखवतो. भार भरणारा व्यापारी म्हणतो, गाडी तुमची, तुम्ही पाहा. रस्ता बांधणाऱ्याला तर कोणी विचारतच नाही. प्रश्न वरवर यांत्रिक दिसतो. पण त्याच्या तळाशी हिशेबाचा प्रश्न आहे. गाडी जेवढ्या भारासाठी बांधली जाते आणि बाजार तिच्याकडून जेवढा भार ओढून घेतो, त्यातील तफावतीचे बिल कोणी भरायचे?

झिजलेला टायर पुष्कळ काही सांगतो, फक्त तो वाचता आला पाहिजे. दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला पट्टा शाबूत असेल, तर हवा कमी होती किंवा भार जास्त होता. मधला पट्टा गेला आणि कडा राहिल्या, तर हवा प्रमाणाबाहेर भरलेली होती. एकच कड गेली असेल, तर चाकाचा कोन बिघडलेला आहे. ठरावीक अंतराने खड्डे पडल्यासारखी झीज असेल, तर शॉकअप थकले आहेत किंवा चाकाचे बॅलन्सिंग गेले आहे. टायरवरून एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर माशाच्या खवल्यांसारखा बोचतो, असे असेल तर चाके समांतर धावत नाहीत, हे नक्की समजावे. जाणता कारागीर हे सारे बोटांनी ओळखतो. संगणकाचा पडदा त्याला फक्त आकडे पुरवतो.

यातील चाके समांतर नसण्याचा दोष सर्वांत खर्चिक. दोन्ही चाकांचे पुढचे टोक किंचित आत किंवा बाहेर वळलेले असले, की प्रत्येक चाक सरळ फिरण्याबरोबर थोडे आडवेही घासले जाते. भूमितीच्या हिशेबाने एका चाकाची दिशा अर्ध्या अंशाने चुकली, तर दर किलोमीटरला ते पावणेनऊ मीटर आडवे फरफटते. अर्धा अंश डोळ्यांना दिसत नाही. सुकाणूवर तो जाणवेलच असेही नाही, कारण दोन्ही चाके सारखीच चुकली असतील तर गाडी सरळच धावते. चुकीची पहिली खबर टायरच देतो आणि तोवर हजारो किलोमीटर होऊन गेलेले असतात.

चूक होते कशी, याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही आणि सगळे वाद नेमके इथेच सुरू होतात. पिकअपच्या मागच्या बाजूला पाटे असतात आणि एकसंध आस असतो. पुढच्या बाजूला काही गाड्यांत पाट्यांवर बसवलेला एकसंध आस, तर काहींत दोन्ही चाकांची स्वतंत्र झुलणी असते. स्वतंत्र झुलणीत भार बदलला की चाकाचा कोनही बदलतो. पुढची बाजू दबली, की चाकाचे डोके आत कलते आणि आतली कड घासू लागते. मागच्या हौद्यात प्रमाणाबाहेर माल भरला, की पुढची बाजू उचलली जाते आणि कोन उलट्या दिशेला सरकतो. एकसंध आसाच्या गाडीत भाराने कलण्याचा प्रश्न फारसा येत नाही. तिथे एका कडेची झीज दिसली, तर टाय रॉड, किंगपिन, बुश किंवा खड्ड्यात आदळून वाकलेला आस यांची चौकशी करावी लागते. एकाच कंपनीच्या दोन गाड्या, एकाच रस्त्यावर, एकाच मालाच्या; तरीही त्यांची झीज वेगवेगळी असू शकते ती यामुळे.

त्यातही गंमत अशी की अलाइनमेंट होते रिकाम्या गाडीचे आणि गाडी धावते भरलेली. कंपनीने ठरवलेले कोन सामान्यतः रिकाम्या किंवा ठरावीक स्थितीतील गाडीसाठी असतात आणि त्यात भाराची सवलत आधीच धरलेली असते. ती सवलत कागदावरच्या भाराची. त्यावर पाचशे-सातशे किलो चढले, की यंत्राने दिलेला हिरवा आकडा निरर्थक ठरतो. दुकानातून बाहेर पडलेली पावती ‘सर्व ठीक’ म्हणते आणि पुढच्या पाच हजार किलोमीटरमध्ये कड पुन्हा घासलेली असते. मालकाला वाटते, दुकानदाराने फसवले. दुकानदाराला वाटते, मालक खोटे बोलतो. दोघांचेही थोडे थोडे खरे असते.

हा जादा भार येतो कुठून, ते पाहण्यासाठी जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे वळायला हरकत नाही. मुंबईकरांच्या ताटातील टोमॅटोचा मोठा हिस्सा या बाजारातून येतो. इथून आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण असे करत वाशीच्या घाऊक बाजारात माल पोहोचवायचा, तर जाऊन-येऊन तीनशेहून अधिक किलोमीटरची फेरी होते. माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरला जातो. क्रेटमध्ये साधारण वीस किलो टोमॅटो, क्रेटचे वजन धरून बावीस किलो. कागदावर १७०० किलो वाहण्यास पात्र असलेल्या पिकअपमध्ये या हिशेबाने सत्त्याहत्तर क्रेट बसतात. शंभर क्रेट चढवले, की २२०० किलो होतात. हौद्यात जागा असते, दोर असतो, ताडपत्री असते. तेवीस क्रेट अधिक चढवल्याने इंजिन बंद पडत नाही, पाटे लगेच मोडत नाहीत. मोडतो तो हिशेब, आणि तोही महिन्यांनंतर.

भाडे क्रेटमागे ठरले, की प्रत्येक जादा क्रेट चालकाला कमाई वाटतो. भाडे फेरीमागे ठरले, की तोच क्रेट व्यापाऱ्याला बचत वाटतो. कसेही ठरवा, सत्त्याहत्तरवर थांबण्यात कोणाचेच हित दिसत नाही. जो थांबतो, त्याला उद्या फेरी मिळेलच याची खात्री नसते, कारण रांगेत मागे उभा असलेला शंभर क्रेट न्यायला तयार असतो. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, गाडीचा हप्ता बारा महिन्यांचा. या स्थितीत भाराच्या मर्यादेचे व्याख्यान ऐकायला चालकाला वेळ नसतो आणि त्याबद्दल त्याला दोष देणेही सोपे नाही.

मालकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे मागच्या बाजूला एक-दोन जादा पाटे टाकून घेणे. नवी गाडी शोरूममधून निघते ती थेट पाटेवाल्याच्या दारात. पाटे वाढले की हौदा खाली बसत नाही, गाडी ताठ दिसते, भार पेलल्यासारखा वाटतो. मात्र पाट्यांनी भार पेलला, तरी टायर तेच राहतात. टायरच्या बाजूवर भार-निर्देशांकाचा आकडा कोरलेला असतो. तो १०० असेल तर त्या टायरची मर्यादा ८०० किलो, १०४ असेल तर ९०० किलो आणि १०८ असेल तर हजार किलो, आणि तीही ठरवून दिलेली हवा भरलेली असताना. जादा पाटा टाकताना आसाला बांधणाऱ्या यू-बोल्टची घट्ट पकड किंवा पाट्यांच्या मधला खिळा जरा जरी सरकला, तर आस चेसिसशी काटकोनात राहत नाही. मग गाडी किंचित तिरकी धावते. महामार्गावर मागून पाहणाऱ्याला अशी गाडी खेकड्यासारखी चालताना दिसते. तिचा चालक ती सरळ ठेवण्यासाठी सुकाणू सतत एका बाजूला धरून असतो आणि चारही टायर आपापल्या परीने घासत राहतात. कंपनीच्या सेवा केंद्रात अशी गाडी नेली, की पहिली नजर पाट्यांवर जाते आणि हमीचा विषय तिथेच संपतो.

हवेचे प्रकरण तर आणखी वेगळे. पिकअप गाड्यांमध्ये गेल्या दोन दशकांत रेडियल टायर रुळले. जुन्या आडव्या-तिडव्या धाग्यांच्या टायरच्या काळातली हवा जोखण्याची रीत मात्र अजून गेलेली नाही. हातोडी मारून आवाज ऐकायचा, किंवा टायर किती दबला ते पाहायचे. रेडियलची बाजू लवचीक असते. बरोबर हवा असतानाही ती फुगलेली दिसते आणि हवा बरीच कमी झाली तरी दिसण्यात फार फरक पडत नाही. त्यात पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा वेगळी, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची वेगळी. पंक्चरच्या दुकानात मात्र चारही चाकांत एकच आकडा भरला जातो आणि तो आकडा अनेकदा दुकानदाराच्या सवयीचा असतो. येताना रिकामी, जाताना भरलेली गाडी दिवसातून दोनदा हवा बदलून घेईल, ही अपेक्षाही अवास्तव आहे.

रस्त्यांची गोष्ट वाचकांना सांगायला नको. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला खड्डा, काँक्रीट आणि डांबर यांच्या सांध्यावरची पायरी, उखडलेले पेव्हर ब्लॉक यांतील एखादा तडाखाही चाकाची दिशा बिघडवायला पुरतो. शिवाय पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला मध्यापासून कडेकडे साधारण दोन टक्के उतार असतो. डाव्या कडेने चालणाऱ्या मालवाहू गाडीला हा उतार सतत डावीकडे ओढतो आणि कडेचे तुटलेले डांबरही तिच्याच डाव्या चाकांच्या वाट्याला येते. दुसऱ्या अंगाने पाहिले, तर रस्त्याच्या या दुरवस्थेत जादा भाराचाही वाटा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ते-चाचणीतून निघालेला अंदाज असा, की रस्त्याचे नुकसान आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार वीस टक्के वाढला, तर नुकसान दुपटीहून किंचित अधिक. छोट्या पिकअपचा यातील हिस्सा अवजड ट्रकच्या तुलनेत नगण्यच. पण ट्रकने केलेल्या खड्ड्यांचा दंड पिकअपचा टायर भरतो, हे विसरता येत नाही.

आता कायद्याकडे येऊ. जादा भाराला आपल्याकडे एके काळी जवळपास राजमान्यता होती. काही राज्ये शुल्क घेऊन जादा भाराची मुभा देत असत. ९ नोव्हेंबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली. त्यानंतर जुलै २०१८ मध्ये केंद्राने अवजड वाहनांच्या आसांवरील भाराची मर्यादाच वाढवली. प्रत्यक्षात वाहिला जाणारा भार कागदावर आणण्याचाच तो प्रकार होता, असे म्हटले तर फार चुकणार नाही. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने जादा भारासाठी किमान वीस हजार रुपये आणि जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आणला. त्याच कलमात दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांची चर्चा होत नाही. पहिली, जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देऊ नये. दुसरी, गाडी चालवणाऱ्याप्रमाणेच ती तशी चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी आहे. म्हणजे शंभर क्रेट चढवून घेणारा व्यापारी किंवा हुंडेकरी कायद्याच्या कक्षेत येतो. पावती फाडली जाते ती मात्र रस्त्यावर, रस्त्यावर जो सापडतो त्याच्या नावे. बाजार समितीच्या फाटकावर गाडीचे वजन होऊन माल भरणाऱ्याला जाब विचारला जाईल, तो दिवस या कलमाच्या अंमलबजावणीचा पहिला दिवस म्हणता येईल.

टायरबाबतचा नियमही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ असता कामा नये. तपासणी कधी होते? नव्या मालवाहू वाहनाला पहिली दोन वर्षे योग्यता चाचणीची गरज नसते. त्यानंतर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी चाचणी. महिन्याला पाच हजार किलोमीटर धावणारी गाडी पहिल्या चाचणीपर्यंत एक लाख वीस हजार किलोमीटर धावलेली असते. तोवर टायरचे किमान दोन संच येऊन जातात. एकांगी झीज असेल तर त्याहून जास्त. आणि चाचणीच्या दिवशी गाडी नव्या टायरवर उभी असते, हे सांगण्यासाठी शोधपत्रकारितेची आवश्यकता नाही.

समृद्धी महामार्गाने या विषयाला काही काळ प्रकाशात आणले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यानंतर अपघातांची मालिका सुरू झाली आणि परिवहन विभागाने २०२३ मध्ये महामार्गावर चढणाऱ्या वाहनांच्या टायरची तपासणी हाती घेतली. गुळगुळीत टायरच्या गाड्यांना मागे फिरवण्यात आले. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी दगावले, तेव्हा टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. या प्रसंगाची नोंद अशासाठी घ्यायची, की ‘टायर फुटला’ हे आपल्याकडे अपघाताचे सर्वांत सोयीचे कारण झाले आहे. टायर बोलत नाही आणि अनेकदा जळून गेलेला असतो.

या सोयीवर मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बोट ठेवले. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या मोटारीचा टायर फुटून झालेल्या अपघातात एकाचा मृत्यू झाला होता. टायर फुटणे ही दैवी आपत्ती असल्याचा विमा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि मृताच्या कुटुंबाला मंजूर झालेली सव्वा कोटींची भरपाई कायम ठेवली. टायर फुटतो तो वेग, कमी-जास्त हवा, जुने टायर, तापमान अशा कारणांनी, आणि प्रवासापूर्वी टायरची अवस्था पाहणे हे चालकाचे काम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. निकाल न्याय्य आहे. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाला दैवाचे कारण ऐकवून परत पाठवणे क्रूरपणाचे ठरले असते. प्रश्न निकालाच्या पलीकडचा आहे. दैव बाजूला झाले आणि माणूस समोर आला. पण तो माणूस प्रत्येक वेळी सुकाणूमागचाच असतो. आतल्या कडेने झिजलेला टायर ज्या साखळीतून तयार झाला, तिच्यातील बाकीची माणसे न्यायालयाच्या दारापर्यंत येतच नाहीत.

गाडीच दोषी असेल तर? हे नाकारून चालणार नाही. नव्या गाडीचे कोन कारखान्यातून, वाहतुकीत किंवा हौदा बांधताना बिघडलेले असू शकतात, सुटा भाग सदोष असू शकतो. पहिल्या पाच हजार किलोमीटरमध्येच, जादा पाटे न टाकता आणि भार मर्यादेत असताना एका कडेची झीज दिसू लागली, तर संशयाला जागा आहे. अडचण पुराव्याची. टायरची हमी सहसा टायर कंपनीची आणि ती निर्मितीदोषापुरती. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि झीज या गोष्टी गाडीच्या हमीत बहुधा बसत नाहीत. सेवा केंद्राच्या कामपत्रकावर ‘अलाइनमेंट केले’ एवढे दोन शब्द येतात. मालक काय तक्रार घेऊन आला होता, कोन किती चुकले होते, टायरची खाच कुठे किती उरली होती, यातील काहीही लिहिले जात नाही. पुढे वाद झाला, तर त्या दोन शब्दांवर काय सिद्ध करणार?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक मानला जात नाही, हे खरे असले तरी केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणाऱ्याला त्यातून वगळलेले आहे. एकच पिकअप स्वतः चालवून पोट भरणारा मालक त्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. चार गाड्या आणि चार चालक असणाऱ्याची वाट तुलनेने बिकट. वाहने परत मागवण्याची तरतूदही २०१९ च्या सुधारणा कायद्याने आली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांबाबत, ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी सरकारी पोर्टलवर नोंदल्या गेल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. मात्र त्यासाठी तक्रारी नोंदल्या जायला हव्यात. नारायणगावचा चालक टायरची तक्रार घेऊन पोर्टलवर जात नाही, तो अलाइनमेंटच्या दुकानात जातो. त्याची तक्रार पावतीच्या रूपात गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हाने पिवळी पडत राहते.

दरम्यान बाजार पुढे गेला आहे. टाटाने सप्टेंबर २०२२ मध्ये दोन टन वाहणारी योद्धा आणली, महिंद्राने २०२३ मध्ये बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये दोन टनांचा पर्याय दिला. चालक जो भार प्रत्यक्षात वाहतो, त्यासाठी अधिक सक्षम गाडी मिळणे केव्हाही चांगलेच. दोन टनांच्या गाडीत शंभर क्रेटचे २२०० किलो मर्यादेच्या बरेच जवळ येतात. बाजार शंभरावर थांबणार असेल, तर प्रश्न बराचसा सुटेल. पूर्वीचा अनुभव तसा नाही. २००५ मध्ये टाटा एस आली, लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले आणि नावाला जागून तिच्यावर हत्तीएवढेच ओझे लादले. क्षमता वाढली की भाडे त्या क्षमतेपुढे ठरू लागते. दोन टनांच्या गाडीवर अडीच टन चढू लागले, की पाटेवाल्याच्या दारातील रांग पुन्हा सुरू होईल.

टायरच्या दर्जाचे नियमही बदलले आहेत. केंद्राने २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या निकषांनुसार टायरचा घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा ठरल्या. पिकअपचे टायरही त्यात येतात. झिजेचा निकष त्यात नाही. टायर किती किलोमीटर चालावा हे सांगणे अवघड, ते वापरावर अवलंबून, हा उद्योगाचा युक्तिवाद चुकीचा नाही. पण मग किमान अलाइनमेंटचे मोजलेले कोन आणि चारही टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या खाचांची खोली प्रत्येक सर्व्हिसच्या कामपत्रकावर लिहिण्याची सक्ती का असू नये? या कामाला खोली मोजायची एक साधी पट्टी आणि पाच मिनिटे लागतात. परिवहन विभागाला हवे असेल, तर रस्त्यावरील तपासणीतही चाक वळवून आतली कड पाहता येते. मालकाच्या हाती अशा दोन-तीन नोंदी असतील, तर दोष भाराचा की गाडीचा याचा निवाडा पुष्कळच सोपा होईल. कदाचित म्हणूनच त्या ठेवण्याची घाई कोणाला नसावी.

तोवर मालक आपल्या परीने मार्ग काढत राहतात. पुढचे टायर मागे, मागचे पुढे, डावे उजवीकडे. रिमवरून टायर उतरवून उलटा चढवायचा, म्हणजे घासलेली कड बाहेर येते आणि शाबूत कड आत जाते. फिरण्याची दिशा ठरवून दिलेली नसेल तर हे करता येते आणि काही हजार किलोमीटर निघतात. त्यानंतर टायर रिमोल्डवाल्याकडे जातो. सरसकट झिजलेल्या टायरवर नवा थर चढवता येतो आणि जुन्या सांगाड्याचे थोडे पैसेही मिळतात. एका कडेने तारा उघड्या पडलेला सांगाडा तो घेत नाही. तीन बाजूंनी तो ठणठणीत असतो, खाचाही अर्ध्याअधिक शिल्लक असतात, पण दुकानदार त्याच्या आतल्या कडेवरून एकदा अंगठा फिरवतो आणि टायर भंगाराच्या ढिगाकडे ढकलून देतो.